भिंती कोणाच्या सोयीसाठी पाडल्या?

वातानुकूलित कचेरीत बसणाऱ्यांनी आवाजाची तक्रार करावी, हे ऐकून आपल्यातील काही कार्यकर्त्यांना हसू येते. इचलकरंजी-भिवंडीच्या यंत्रमागांपाशी ज्यांचे कान गेले, त्यांच्यापुढे हे लाड कसले, असा त्यांचा सवाल. सवाल रास्त वाटतो, पण तो मालकांच्या पथ्यावर पडणारा आहे. कारखान्यांच्या नियमांत आठ तासांसाठी ९० डेसिबेलची मर्यादा आली, ती माणूस बहिरा होऊ नये म्हणून. कचेरीतील आवाज कान नव्हे, लक्ष फोडतो. शेजारच्या मेजावरील बोलणे मीटरभर अंतरावर जेमतेम ६० डेसिबेलचे. पण त्यातील शब्दन्‌शब्द कळतो, आणि कळणारा शब्द मेंदूला दूर सारता येत नाही. पंख्याची घरघर माणूस विसरतो. दुसऱ्याच्या कर्जाच्या हप्त्यांची हकीकत विसरता येत नाही.

अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात चाळीस कारकून स्त्रियांपैकी काहींना तीन तास अशाच सौम्य गोंगाटात बसविण्यात आले. त्यांच्या शरीरातील ॲड्रिनॅलिन वाढले, अवघड कोडी सोडविण्याची चिकाटी घटली. मात्र ताण अधिक जाणवल्याचे त्यांनी सांगितले नाही! ‘आमच्याकडे कोणाची तक्रार नाही’ या व्यवस्थापनाच्या पालुपदाची किंमत यावरून करावी.

या मोकळ्या कचेरीचा जन्म मोठ्या उदात्त भाषेत झाला. १९५० च्या दशकाअखेर हॅम्बुर्गजवळच्या क्विकबोर्न येथील श्नेल्ले बंधूंनी ती कल्पना मांडली. भिंती गेल्या की उतरंड ढासळेल, संवाद वाहू लागेल, ही त्यांची श्रद्धा प्रामाणिक असेलही. मालकवर्गाने त्यातून नेमके एकच उचलले: माणशी जागा कमी लागते. संवादाचे म्हणाल, तर २०१८ साली दोन अमेरिकी कंपन्यांच्या मुख्यालयांची पाहणी प्रसिद्ध झाली. भिंती काढल्यावर समोरासमोरचे बोलणे सुमारे ७० टक्क्यांनी घटले आणि माणसे एकमेकांना ई-मेल धाडू लागली.

जागेच्या भाड्यात वाचलेला पैसा अशा रीतीने कर्मचाऱ्याच्या मज्जातंतूंतून वसूल होतो. हिंजवडी-ऐरोलीच्या तरुणाने त्यावर उपाय म्हणून स्वतःच्या खिशातून हेडफोन घ्यायचा. साहेबांच्या केबिनला मात्र दार असते, आणि ते लागते.

पश्चिम जर्मनीत १९७२ च्या कायद्याने कामगार मंडळांना कामाच्या जागेच्या आखणीत बोलण्याचा अधिकार मिळाला. त्या दशकात तेथील ही विस्तीर्ण दालने मागे हटू लागली, खोल्या परत आल्या. वास्तुशास्त्रज्ञांना उपरती झाली म्हणून नव्हे, तर बसणाऱ्यांना विचारावे लागले म्हणून. पुढे २०१८ मध्ये जर्मनीच्या नियमावलीत एकाग्रतेच्या कामासाठी ५५ डेसिबेलची मर्यादा आली.

आपल्या संघटकांनी पगार, पाळी, रजा यांच्या मागण्यांत ही मागणी घालण्यास लाजू नये. ती मोजता येते. २०१२ च्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार पाच मीटरच्या आत दुसऱ्याचे बोलणे पुरेसे अस्पष्ट झाले तर मांडणी चांगली, दहा मीटरपलीकडेही त्याचा त्रास राहिला तर वाईट. आवाज शोषणारे छत, मेजांमध्ये उंच पडदे, फोनसाठी बंद खोल्या हे उपाय जुनेच आहेत. खर्च मालकाचा. आणि मोजमाप घ्यायचे ते सुट्टीच्या दिवशी रिकाम्या दालनात नव्हे, सोमवारी सकाळी अकरा वाजता, संघटनेच्या प्रतिनिधीसमक्ष.