ओव्हरमॉरो गेला, परवा तरी राहू द्या!

वाचकहो, इंग्रजीच्या माळ्यावर काय काय अडगळ पडली आहे, हे पाहण्याचा मला जुना नाद आहे. नमुन्यादाखल चार शब्द सांगतो.

पहिला स्कॉटलंडकडचा 'टार्टल'. लग्नाच्या मांडवात एखादे गृहस्थ 'काय, ओळखलंत का?' म्हणत पुढे येतात आणि आपण हसत हसत मनात त्यांचे नाव शोधू लागतो. ते क्षणभर अडखळणे म्हणजे टार्टल! दुसरा 'ग्रोक', तोही तिकडचाच. आपण चकली तोंडाशी न्यावी आणि शेजारच्या पोराने तिच्यावर टक लावून उभे राहावे, त्याला म्हणतात ग्रोक.

तिसरा मात्र काळजाला हात घालतो. हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत 'ऊख्तचेआरू' म्हणजे उजाडण्यापूर्वीची काळजी. जुन्या वाङ्मयात तो एकाच कवितेत सापडतो, नवऱ्यापासून ताटातूट झालेल्या बाईच्या तोंडी. मुलीचे लग्न आणि घराचे हप्ते डोळ्यांपुढे ठेवून पहाटे चारला जाग येणाऱ्यांना अर्थ सांगायला नको.

चौथा 'ओव्हरमॉरो', म्हणजे येणारा परवा. 1535 सालच्या कव्हरडेलच्या बायबलात तो आहे. जर्मन माणूस आजही एका शब्दात 'यूबरमॉर्गन' म्हणतो. इंग्रजाने मात्र आपला शब्द टाकला, आणि आता 'डे आफ्टर टुमारो' अशी तीन शब्दांची मोट बांधतो. परवाचा दिवस काही उगवायचा थांबला नव्हता. लोक तो शब्द उच्चारायचे थांबले, इतकेच.

आपला 'परवा' पाहा, कसा ऐटबाज! 'परवा गेलो' म्हटले की मागे जातो, 'परवा जाईन' म्हटले की पुढे. पाठीशी धाकटा भाऊ 'तेरवा' उभाच. आणि आमच्या घराघरांतली मुले म्हणतात, 'आई, डे आफ्टर टुमारो सुट्टी आहे!' ज्यांचा शब्द हरवला त्यांचे ठिगळ आपण घ्यायचे आणि आपले धडधाकट वस्त्र माळ्यावर टाकायचे, हा कुठला व्यवहार?

मुलांनी इंग्रजी जरूर शिकावे, फर्डे बोलावे. पण कोशात शब्द नुसता राहतो. जगतो तो स्वयंपाकघरात, जेवणाच्या पंगतीत. तेव्हा या दिवाळीत पोरांना एवढेच विचारा, 'भाऊबीज उद्या, परवा की तेरवा?' उत्तर मराठीत आले, तर तुमच्या घरचा दिवा लागलेला आहे असे मी समजेन.