घशातली हराळी



हराळी वरवर खुरपली तर काशा जमिनीत राहतात आणि पाऊस पडताच ती पुन्हा फुटते. स्वरयंत्रावर येणाऱ्या चामखिळीसारख्या गाठींचेही तसेच. एच.पी.व्ही. विषाणूच्या ६ आणि ११ या प्रकारांमुळे त्या येतात. बहुतेक वेळा तो कर्करोग नसतो. पण गाठ काढली तरी विषाणू आत राहतो.

आमच्या ओळखीच्या एका बागाइतदारांनी तीनदा भूल घेऊन गाठी काढल्या. चौथ्या खेपेला म्हणाले, "साहेब, कांदा काढणीला आलाय. खुर्चीत बसवून लेसरने जाळतात म्हणे, तेच करतो!"

तीही पद्धत खरी आहे. घसा बधिर करून नाकातून दुर्बीण घालतात व गाठी जाळतात. पुरी भूल नाही, त्याच दिवशी घरी. पण गाठी लहान हव्यात, श्वास मोकळा हवा आणि माणूस स्थिर बसणारा हवा. फेऱ्याही जास्त पडू शकतात. लहान मुलांना व मोठ्या गाठींना शस्त्रक्रियागृहच बरे. तिथे श्वासाची वाट सांभाळता येते.

डॉक्टरांनी तपासून सांगितले, "वाट अरुंद झाली आहे, या वेळी भूलच घ्या. पुढे आवाज बदलताच आलात, तर खुर्चीत भागेल."

बागाइतदारांनी ऐकले. कांदा घरच्यांनी काढला.

तण लहान असतानाच खुरपावे. आवाज तीन आठवड्यांवर बसलेला राहिला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवा. श्वास घेताना घरघर लागली, तर त्याच क्षणी निघा.