घाटरस्ता आणि उद्घाटनानंतरचा हिशेब

महाबळेश्वरहून आंबेनळी घाटाने पोलादपूरला उतरावे, कशेडीचा डोंगर ओलांडून खेडमार्गे दापोली गाठावी आणि हर्णैच्या खडकाळ किनाऱ्यावर सुवर्णदुर्गासमोर विसावावे, हा महाराष्ट्रातील अत्यंत रमणीय प्रवासांपैकी एक होय. सुमारे १,३५० मीटर उंचीवरून समुद्रसपाटीपर्यंतची ही उतरण एका दिवसात पुरी होते. परंतु उभे कडे, खोल दऱ्या आणि धुवाधार पाऊस यांमुळे जो रस्ता प्रेक्षणीय ठरतो, तोच त्यांच्यामुळे धोक्याचाही ठरतो. या धोक्याची किंमत नेमकी कोण मोजतो, हा प्रश्न मात्र सहलीच्या आणि पर्यटनविकासाच्या उत्साहात मागे पडतो.

२८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातील कर्मचाऱ्यांची सहलीची बस आंबेनळीच्या दरीत कोसळून सुमारे तीस जण मृत्युमुखी पडले. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरी २४ तासांत जवळजवळ ६०० मिलिमीटर पाऊस झाला, दरडींनी हा घाट ठिकठिकाणी तोडला आणि वाहतूक दीर्घकाळ बंद राहिली. त्याच पावसात, २२ जुलै रोजी, महाड तालुक्यातील तळिये येथे डोंगर खचून ऐंशीहून अधिक माणसे गाडली गेली. या घटनांची कारणे एकसारखी नाहीत. तथापि सह्याद्रीचा हा उतार किती नाजूक आहे, याची साक्ष त्या देतात.

येथील काळ्या कातळावर झिजलेल्या दगडमातीचा थर असतो. पाऊस मुरला की त्याचे वजन वाढते आणि कातळावरील त्याची पकड सुटते. रस्त्यासाठी उताराचा पायथा कापला असेल, तर वरच्या भाराचा आधारही जातो. म्हणून घाटरस्त्याचे आयुष्य डांबराच्या जाडीपेक्षा पाण्याच्या निचऱ्यावर अधिक अवलंबून असते. डोंगराच्या बाजूचे गटार मोकळे असणे, मोऱ्या तुंबलेल्या नसणे, संरक्षक भिंतींतील पाणी बाहेर पडण्याची छिद्रे उघडी असणे, ही कामे क्षुल्लक दिसतात. पण घाट त्यांच्यावरच उभा असतो. पूर्वी रस्त्याच्या ठरावीक टप्प्यावर मैलकुली नेमलेला असे आणि त्याला आपल्या टप्प्यातील प्रत्येक मोरी ठाऊक असे. आता हे काम बव्हंशी कंत्राटावर गेले आहे आणि कंत्राटाची मुदत संपली की रस्त्याविषयीचे ते ज्ञानही संपते.

या उपेक्षेचे मूळ जमाखर्चाच्या पद्धतीत आहे. अनेक दशके नव्या कामांवरील खर्च ‘योजनांतर्गत’ म्हणून प्रतिष्ठेचा, तर देखभाल ‘योजनेतर’ म्हणून काटकसरीस योग्य मानली गेली. केंद्रीय अर्थसंकल्पातील हा भेद २०१७-१८ पासून संपुष्टात आला. त्यातून जडलेली वृत्ती मात्र संपलेली नाही. कारखानदार आपल्या यंत्राचा घसारा दरवर्षी हिशेबात धरतो. शासनाच्या रोखीच्या हिशेबात रस्त्याचा घसारा दिसतच नाही. तो दिसतो तो दरड कोसळल्यावर, आणि तोही ‘नैसर्गिक आपत्ती’ या नावाखाली.

यावर बोगदे आणि रुंद महामार्ग हाच उपाय, असे म्हटले जाते. त्यात तथ्य नाही असे नव्हे. कशेडीच्या बोगद्याची एक बाजू २०२३ च्या गणेशोत्सवापूर्वी खुली झाली, तेव्हा चाकरमान्यांचे कष्ट निश्चितच वाचले. परंतु आंबेनळीची वाहतूक आजही कड्याच्या अंगानेच जाते आणि प्रत्येक घाटाला बोगदा परवडणारा नाही. जेथे घाट राहणारच आहेत, तेथे ते सुस्थितीत राखण्यावाचून गत्यंतर नाही.

घाट बंद झाला तर पर्यटकाची एक सहल हुकते. तो दुसरीकडे वळतो. पोलादपूर तालुक्यातील डोंगरवस्त्यांना असा पर्याय नसतो. तेथे एस. टी. थांबते, विद्यार्थी घरी बसतात, रुग्ण वाटेत अडकतो आणि देशावरून येणारा भाजीपाला महागतो. म्हणजे सौंदर्याचा लाभ एकाला, जोखीम दुसऱ्याला, अशी ही वाटणी आहे. महाबळेश्वरच्या नाक्यावर पर्यटकांकडून कर घेण्याची प्रथा जुनी आहे. अशा उत्पन्नाचा निश्चित हिस्सा घाटाच्या देखभालीसाठी राखून ठेवणे हे न्याय्य तर आहेच, पण व्यवहार्यही आहे.

त्याच्या जोडीला प्रत्येक घाटाची मे अखेरपर्यंत तपासणी होऊन तिचा अहवाल लोकांसमोर यावा, निचऱ्यासाठी स्वतंत्र तरतूद असावी आणि किती पाऊस झाला असता घाट बंद करावयाचा, हे आधीच ठरलेले असावे. साफ केलेल्या मोरीचे उद्घाटन होत नाही आणि न कोसळलेल्या दरडीची बातमी होत नाही. म्हणूनच या खर्चासाठी नागरिकांनी आग्रह धरणे आवश्यक आहे. रस्ता बांधणे हे शासनाचे कर्तृत्व असेल, तर तो टिकविणे हे त्याचे कर्तव्य आहे, आणि त्याचा हिशेब दरवर्षी मागितला गेला पाहिजे.