कोयनेची भूमी किती सरकली, हे आम्हांस कळू द्या

कोयना खोऱ्यातील उपग्रह-मापनाचे काम ज्यांच्या अखत्यारीत आहे, त्या संचालक महोदयांस,

जमिनीचे सरकणे मोजण्यासाठी खोऱ्यात बसविलेल्या केंद्रांच्या दैनंदिन नोंदी पाटण तालुक्यातील रहिवाशांस पाहावयास मिळाव्यात, अशी दरखास्त आम्ही आपल्या खात्याकडे वारंवार केली. पहिल्या अर्जाची पोच आली, दुसऱ्यावर ‘तपासून कळवू’ असा शेरा पडला, आणि पुढील अर्जांचे काय झाले हे सांगण्याची तसदी कोणी घेतली नाही, म्हणून आता हे उघडपणे लिहावे लागत आहे.

11 डिसेंबर 1967 च्या पहाटे 6.3 तीव्रतेच्या भूकंपाने कोयनानगर उद्ध्वस्त केले आणि सुमारे 180 माणसे गेली. तेव्हापासून दर हादऱ्यानंतर कोयना धरणास धोका नसल्याचे आम्हांस कळविले जाते. ज्या जमिनीवर आमची घरे उभी आहेत, ती मात्र कोठे, किती आणि कोणत्या दिशेस हलली, याविषयी एक अक्षर नाही.

या धरणाचा शिवसागर जलाशय 105 टीएमसीपर्यंत भरतो, म्हणजे जवळजवळ 300 कोटी टन पाण्याचा भार दर पावसाळ्यात या खडकावर चढतो आणि उन्हाळ्यापर्यंत बराचसा उतरतो. त्या भाराखाली जमीन मिलिमीटरांनी दबते व पुन्हा वर येते. भारतीय भूपट्ट सुमारे 5 सेंटीमीटर प्रतिवर्षी ईशान्येस सरकतो, ती सामायिक गती वजा केल्यावर जे उरते, त्यातच भूगर्भातील ताणाचा माग असतो. आणि हे सारे 20,000 किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संकेत अखंड टिपणाऱ्या, खडकात रोवलेल्या यंत्रांना मोजता येते, कारण भूकंपमापक कंप नोंदवितो, मुंगीच्या पावलाने होणारे सरकणे त्याला उमगत नाही. जपानने अशी सुमारे 1,300 केंद्रे सरासरी 20 किलोमीटरांच्या अंतराने उभारून त्यांच्या नोंदी सर्वांस खुल्या ठेवल्या. 11 मार्च 2011 रोजी तेथे मोठा भूकंप झाला, तेव्हा पहिल्या तीन मिनिटांत तेथील हवामान खात्याने त्याची तीव्रता 7.9 धरली, प्रत्यक्षात ती 9.0 होती, ओशिका द्वीपकल्प 5.3 मीटर सरकून 1.2 मीटर खचल्याची साक्ष याच केंद्रांनी दिली, आणि पुढे त्यांच्याच आधारे काही मिनिटांत भूकंपाचा आकार ठरविण्याची व्यवस्था तेथे उभी राहिली. 25 एप्रिल 2015 रोजी नेपाळच्या भूकंपात काठमांडूची भूमी मीटरहून अधिक दक्षिणेस गेली, तेही जगाला अशाच नोंदींवरून कळले. आमच्याकडे गोठणे येथे भूकंपांच्या अभ्यासासाठी 3 किलोमीटर खोल विवर खोदण्याइतका खर्च सरकार करू शकते. मग पृष्ठभागावरील नोंद दडवून ठेवण्याचे प्रयोजन काय?

लोक घाबरतील, असे आपल्या एका अधिकाऱ्याने तोंडी सांगितले. या आकड्यांवरून भूकंपाची तारीख सांगता येत नाही, हे आम्ही जाणतो. परंतु तीन पिढ्या हादऱ्यांसह संसार करणारी माणसे आलेखास भितील, असे मानणे हा त्यांच्या विवेकाचा अवमान आहे. आणि सार्वजनिक पैशाने झालेले मोजमाप ज्यांच्या जमिनीचे, त्यांच्यापासूनच लपविणे हा अन्याय आहे.

येत्या पावसाळ्यात जलाशय भरू लागण्यापूर्वी प्रत्येक केंद्राच्या आरंभापासूनच्या नोंदी खुल्या कराव्यात, आणि ते शक्य नसेल तर कोणत्या नियमान्वये शक्य नाही, हे आपल्या सहीनिशी लेखी कळवावे.

आपला,
कोयना खोऱ्यातील एक रहिवासी