परिचारिकांची मोजणी आणि तिजोरीची चावी

ऑगस्ट २०२५ मध्ये ब्रिटनच्या मजूर पक्षाच्या सरकारने इंग्लंडमधील नवपदवीधर परिचारिकांसाठी नोकरीच्या हमीची घोषणा केली. अवघ्या तीन वर्षांपूर्वी जेथे ५० हजारांहून अधिक परिचारिका व सुईणींची उणीव होती, तेथेच नव्याने शिकून बाहेर पडलेल्यांना जागा मिळेना. या विसंगतीचे मूळ शोधायचे तर हुजूर पक्षातील मवाळ नेते जेरेमी हंट यांच्या एका अपयशी प्रयत्नाकडे पाहावे लागते.

उणिवेचा तो आकडा हंट अध्यक्ष असलेल्या संसदीय आरोग्य समितीच्या जुलै २०२२ च्या अहवालातला. आरोग्यसेवेला पुढील काळात किती डॉक्टर आणि परिचारिका लागतील, याचा स्वतंत्रपणे तपासलेला अंदाज सरकारने दर दोन वर्षांनी प्रसिद्ध करावा, एवढीच त्यांची मागणी होती. परिचारिका घडायला तीन वर्षे लागतात. सरकारी तिजोरी मात्र वर्षावर्षाचा विचार करते. नोव्हेंबर २०२१ मध्ये हंट यांनी मांडलेली दुरुस्ती त्यांच्याच पक्षाच्या सरकारने कॉमन्स सभागृहात हाणून पाडली. लॉर्ड्स सभागृहाने तो आग्रह पुन्हा धरला, तोही टिकला नाही. अखेर २०२२ च्या कायद्यात उरले ते इतकेच : गरजेचा अंदाज कोणत्या पद्धतीने बांधला जातो, याचे वर्णन मंत्र्यांनी किमान पाच वर्षांतून एकदा द्यावे. किती माणसे हवीत, हे सांगण्याचे बंधन नाही. कारण उघड आहे. आकडा एकदा छापला की त्याचे देयकही मागोमाग येते.

हंट यांचा स्वतःचा इतिहासही निष्कलंक नाही. २०१२ ते २०१८ या काळात तेच आरोग्यमंत्री होते आणि त्याच काळात, २०१७ पासून, नव्या परिचर्या विद्यार्थ्यांचे विद्यावेतन बंद झाले. पुढे २०२० मध्ये वर्षाला किमान पाच हजार पौंडांचे अनुदान सुरू करावे लागले.

ऑक्टोबर २०२२ मध्ये हंट अर्थमंत्री झाले. तिजोरीची चावीच हाती आली. जून २०२३ मध्ये मनुष्यबळाची दीर्घकालीन योजना जाहीर झाली. २४० कोटी पौंडांची तरतूद, २०३१-३२ पर्यंत परिचर्येच्या प्रशिक्षणाच्या जागा सुमारे ५४ हजारांवर. परंतु हा पैसा शिकवण्यासाठी होता; शिकून आलेल्यांच्या पगाराची तजवीज पुढच्या अर्थसंकल्पांवर सोडली गेली. कायदा तर होता तसाच राहिला. (याच हंट यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये नागरी सेवेतील पदवाढ गोठवली. त्यात परिचारिका येत नव्हत्या, पण तिजोरीशेजारी बसल्यावर दृष्टी कशी बदलते ते त्यातून दिसते.)

हे प्रकरण भारतापासून दूरचे नाही. ब्रिटनच्या नोंदवहीतील परदेशात शिकलेल्या परिचारिकांत भारतीयांची संख्या सर्वाधिक आहे, आणि स्विंडनसारख्या शहरांत स्थायिक झालेली गोमंतकीय कुटुंबे याच आरोग्यसेवेवर विसंबून आहेत. हंट यांच्या काळातील योजनेतच परदेशी भरतीचा वाटा जवळपास एक चतुर्थांशावरून दहा टक्क्यांच्या आसपास आणण्याचे उद्दिष्ट होते. उणीव असताना ज्यांना आग्रहाने बोलावले, त्यांच्यासाठी दार अरुंद करण्याचा निर्णयही अशाच अंदाजावर होतो.

नव्या हमीनुसार पद प्रत्यक्ष रिकामे होण्याआधीच, अपेक्षित गरज पाहून, रुग्णालयांना भरती करता येणार आहे. ती अपेक्षित गरज स्वतंत्रपणे तपासून जाहीर करण्याची सक्ती मात्र कायद्यात आजही नाही.