नाव एक, माणसे दोन

आमच्या वस्त्यांत गल्लोगल्ली एखादा मिलिंद असतोच. हे नाव म्हणजे ग्रीक ‘मिनँडर’चे पाली रूप. प्राचीन ग्रीक जगात या नावाचे दोन पुरुष विशेष गाजले.

पहिला अथेन्सचा नाटककार, जन्म इ.स.पू. ३४२ च्या सुमाराचा. त्याने शंभराहून अधिक विनोदी नाटके लिहिली. पण जवळजवळ पूर्ण असे एकच आज हाती आहे.

दुसरा इ.स.पू. दुसऱ्या शतकातला राजा. राजधानी सागल, म्हणजे बहुतेक अभ्यासकांच्या मते आजच्या पाकिस्तानातील सियालकोट. त्याच्या नाण्यांवर ग्रीक व खरोष्ठी अशा दोन लिप्या आहेत. ‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भन्ते नागसेन त्याला अट घालतात : पंडितासारखी चर्चा करणार असाल तर करू, राजासारखी नाही. कारण पंडित चूक दाखवली तरी रागावत नाहीत. राजे मात्र विरोध करणाऱ्याला शिक्षा देतात. राजाने अट मान्य केली.

बाबासाहेबांनी औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालयाला याच राजाचे नाव दिले. आम्हीही मुलाचे नाव हौसेने मिलिंद ठेवतो, पण त्याने “का?” विचारले की “गप्प बस” म्हणतो. मग त्या घरात मिलिंद कोठे राहिला?