बटणांचा फोन आणि आमची उधारीची वही

गेल्या महिन्यात अकोल्याचा एक तरुण कापड दुकानदार खरेदीसाठी अमरावतीला आला होता. नांदगाव पेठेच्या घाऊक बाजारातला सौदा आटोपून तो आमच्या गादीवर बसला, चहा झाला आणि त्याने खिशातून एक फोन काढून आमच्यापुढे ठेवला. अंगठ्याने काच वर सरकवली तर खालून बटणांची पाटी निघाली. "चाचा, जुन्यात स्वस्त मिळतोय. धंद्याला कसा राहील?" फोन ब्लॅकबेरी कंपनीचा, प्रिव्ह नावाचा.

विचारण्यामागे कारण होते. सुरतेच्या व्यापाऱ्याला पंधरा तागे लिहायचे, ते काचेवर बोट सरकून पंचवीस गेले. माल आला, बीजक आले आणि लग्नसरा तर संपत आलेली. जादा दहा तागे आजही त्याच्या फळीवर आहेत. अशा माणसाला बटणांचा मोह पडावा यात नवल नाही. म्हणून तो फोन आम्ही दोन दिवस ठेवून घेतला आणि दुकानात वापरून पाहिला.

प्रथम त्याच्या बाजूचे सांगतो. हा फोन २०१५ च्या नोव्हेंबरात परदेशात आणि २०१६ च्या जानेवारीत आपल्याकडे आला, तेव्हा त्याची किंमत ६२,९९० रुपये होती. तेवढ्यात एखाद्या शिंप्याला पाच-सहा शिलाई मशिने मांडता आली असती. पडदा ५.४ इंची, कॅमेरा १८ मेगापिक्सेलचा, बॅटरी ३,४१० एमएएचची, वरून मेमरी कार्डाची सोय. शर्टिंगच्या चौकड्यांचा फोटो त्यात स्वच्छ येतो. लिहिताना सगळा पडदा मोकळा राहतो, हे आम्हाला फार आवडले. वर सुरतेचा भावपत्रक उघडा ठेवावा आणि खाली लिहीत जावे. साध्या फोनवर कीबोर्ड उघडला की अर्धा पडदा तोच खाऊन टाकतो. शिवाय बटणांवरून बोट फिरवले की वरचे पान सरकते. ज्याने ही पाटी बसवली तो खरा कारागीर.

पण आमच्या मुनीमजींनी पहिलेच बीजक लिहायला घेतले आणि अडले. या पाटीवर अंकांची वेगळी ओळच नाही. अंक अक्षरांच्याच बटणांवर कोपऱ्यात छापलेले आहेत, आणि अल्टचे बटण दाबल्याशिवाय ते उमटत नाहीत. आता कापडवाल्याचे लिखाण म्हणजे असते काय? तागे, मीटर, पन्ना, भाव, कसर, बाकी. म्हणजे अंकच अंक. ज्या चुकीला घाबरून आमचा अकोल्याचा भतीजा बटणांकडे वळला, ती चूक टाळायला ही पाटी काचेवरच्या मोठ्या आकड्यांहून कमीच उपयोगाची ठरली. ही पाटी इंग्रजीत लांब पत्रे लिहिणाऱ्या साहेबासाठी घडवलेली आहे, आणि त्याच्यासाठी ती उत्तमही असेल.

दुसरी अडचण लिपीची. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले. आम्ही उजवीकडून लिहितो, मुनीमजी मराठीत लिहितात, आमचा मुलगा दोन्ही भाषा इंग्रजी अक्षरांत लिहून मोकळा होतो. बटणांवर छापील अक्षरे मात्र इंग्रजीच. उर्दू किंवा मराठी अक्षरे डोळ्यांसमोर हवी असतील तर ती काचेवरच आणावी लागतात, मग पाटीचे ओझे वाहायचे कशाला? शिवाय गुगलने २०१७ च्या ऑगस्टमध्ये मराठी आणि उर्दूत बोलून लिहिण्याची सोय आणली. मूर्तिजापूर-दर्यापूरचे आमचे कितीतरी गिऱ्हाईक आता टाइप करतच नाहीत. बोलून पाठवतात, नाहीतर काठाचा फोटो टेप लावून पाठवतात.

(कापडाच्या दुकानातली रुई कुठे कुठे शिरते, हे वाचकांना सांगायला नको. सरकत्या खाचेत दोन दिवसांतच तिची रेघ दिसू लागली.)

फोन जितका मातब्बर तितका तो टिकणार, असा आपल्या लोकांचा समज आहे. प्रिव्हच्या नावातच खासगीपणा आहे, जाहिरातीत सुरक्षिततेचाच डंका होता. पण कंपनीने २०१६ च्या सप्टेंबरातच स्वतः फोन बनवणे सोडत असल्याचे जाहीर केले, आणि २०१७ संपता संपता या फोनच्या दर महिन्याच्या सुरक्षा दुरुस्त्याही थांबल्या. म्हणजे ६२,९९० रुपयांना दोन वर्षांची राखण मिळाली. नोकियाचा ई७ हाही असाच सरकत्या बटणांचा, धंदेवाल्यांसाठी काढलेला फोन. तो २०११ च्या फेब्रुवारीत बाजारात येत होता, आणि त्याच महिन्यात नोकियाने आपली जुनी प्रणाली सोडून मायक्रोसॉफ्टचा हात धरल्याचे जाहीर केले. पुढे ३० जून २०१७ नंतर त्या प्रणालीवरचे व्हॉट्सअ‍ॅपही बंद झाले. आज ज्या फोनवर यूपीआयने आपला गल्ला येतो, त्याला राखण नसणे म्हणजे दुकानाला कुलूप नसणे होय.

आमचा स्वतःचा तजुर्बा याहून कडू आहे. बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्हीही एक सरकत्या बटणांचा फोन घेतला होता, तिसऱ्याच एका कंपनीचा. हौसेने सगळी उधारी त्यात चढवली आणि खतावणी लिहिणे सोडले. एक दिवस पडदा वर सरकवला तो काळाच राहिला. दुरुस्तीवाल्याने सांगितले, आतली पट्टी तुटली, सुटा भाग मिळत नाही. नक्कल आम्ही कुठेच ठेवली नव्हती, हा दोष आमचाच. मग आठवणीवर वसुली सुरू केली. बाळापूरच्या एका वयस्क शिंप्याकडे चार हजार रुपये मागितले. ते म्हणाले, "शेठ, रमजानच्या आधीच दिले." आम्ही दोनदा मागितले, त्यांनी मुकाट्याने पुन्हा दिले. पुढे गल्ल्याच्या तळाशी आमच्याच हातची चिठ्ठी सापडली. पैसे परत घेऊन आम्ही स्वतः गेलो, त्यांनी घेतलेही. पण त्यानंतर ते आमच्या दुकानी आले नाहीत.

म्हणून व्यापारी बांधवांना आमचे सांगणे असे. फोन घेताना कॅमेऱ्याचे आकडे मागाहून विचारा. हिशेबाच्या ज्या अ‍ॅपवर उधारी ठेवणार, त्यात आधी दोन खोटी नावे चढवा, यादी पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये बाहेर काढा, दुसऱ्या फोनवर उघडून झेरॉक्सवाल्याकडे छापून पाहा. निघत नसेल तर ती वही आपली नव्हे. मग कंपनी दुरुस्त्या किती वर्षे देणार ते विचारा. सॅमसंगने २०२४ साली आणलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या साधारण किमतीच्या फोनलाही सहा वर्षांचे वचन दिले आहे. यातही एक खोच आहे. अशी वर्षे तो नमुना बाजारात आल्यापासून मोजतात, तुम्ही विकत घेतल्यापासून नव्हे. दोन वर्षांचा पडून राहिलेला माल सवलतीत घ्याल तर दोन वर्षे आधीच गेलेली.

आणि चुकीच्या आकड्यावर इलाज? आमच्या वडिलांच्या वेळी ट्रंककॉलवर आकडा दोनदा सांगत, एकदा पुरा आणि एकदा सुटा. आम्ही फोन परत करताना त्या मुलाला तेवढेच सांगितले. त्याने पुढे तो घेतला की नाही, हे विचारले नाही. परवा त्याचा आवाजी निरोप आला, "चाचा, पॉपलिनचे सतरा तागे पाठवा, एक आणि सात." आम्ही बिल्टीचा फोटो पाठवून दिला.